संशोधित शिव्या

"आप क्या करती हैं?" या प्रश्नाला लखनौत मी "अनुदान देती हूँ" असं उत्तर द्यायचे आणि समोरचा माणूस लगेच खुर्ची पुढे ओढायचा. इंदिरा नगरात आमच्या शेजारी सक्सेना भाभी राहतात. त्यांचा भाचा लग्नांतून डीजे वाजवतो. "भाभीजी, म्यूजिक तो म्यूजिक है," असं म्हणत त्यांनी त्याच्यासाठी अनेकदा माझ्याकडे शब्द टाकला आणि दर वेळी सोबत गाजराचा हलवा आणला. हलवा मी खाल्ला. अनुदान दिलं नाही. आमचे हे रेल्वेत इंजिनिअर. पाहुण्यांना ते माझी ओळख करून देत ती अशी: "हिचं काम म्हणजे दुसऱ्याचे पैसे तिसऱ्याला द्यायचे आणि वर पावती मागायची." मला राग यायचा, पण वर्णन चुकीचं नव्हतं.

आमचा ट्रस्ट छोटा. एका जुन्या व्यापारी घराण्याने ठेव ठेवलेली. तिच्या व्याजातून संगीत, जुन्या वास्तू आणि हातची कारागिरी जपणाऱ्या लहान लहान मंडळांना मदत करायची. अर्ज आला की मी छाननी करायची, मग जागेवर जाऊन पाहायचं, मग समितीपुढे टिपण ठेवायचं. मंजुरी मिळाली की हप्त्याहप्त्याने पैसे द्यायचे आणि पावत्या मागत बसायचं. यातला जागेवर जाण्याचा भाग खरा मजेचा. कागदावर प्रत्येकाचा गळा गोड असतो. खरं काय ते समोर बसल्यावर कळतं.

एका मोहल्ल्यातल्या समितीला जुन्या दरवाजाच्या जतनासाठी पहिला हप्ता दिला होता. पाहायला गेले तर बारीक विटांची ती सुंदर कमान फिरोजी ऑइलपेंटमध्ये चमकत होती. अध्यक्ष छाती फुगवून म्हणाले, "देखिए मैडम, बिल्कुल नया लग रहा है!" मी म्हटलं, पैसे जुनं ठेवण्यासाठी दिले होते. ते खरोखर चक्रावले. "पुराना तो पहले से था मैडम, उसके लिए पैसा कौन देता है?"

दुसरे एक सारंगी दुरुस्त करणारे बुजुर्ग. दुकानाचं छप्पर गळत होतं, हत्यारं झिजली होती. अर्जात "आपल्याला मदतीची गरज का आहे?" असा रकाना असतो. तिथे त्यांनी लिहिलं होतं, "ऊपर वाले का करम है, किसी चीज़ की कमी नहीं." समितीने अर्ज फेटाळला. गरजच नाही म्हणतात, तर द्यायचं कशाला? पण लखनौत आपली गरज परक्यापुढे उघडी करणं म्हणजे चारचौघांत सदरा काढण्यासारखं. पुढच्या वर्षी मी प्रश्न बदलला. "आपल्या कामाच्या सेवेची संधी आम्हाला कशी मिळेल?" असं विचारल्यावर त्यांनी कागदाच्या दोन्ही बाजू भरून दिल्या.

ही झाली इतरांची फजिती. आता माझी सांगते.

मी मूळची सांगलीची. लग्नानंतर लखनौत आले तेव्हा माझं हिंदी सांगलीच्याच मापाचं होतं. आडनाव देशपांडे. इथे त्यातला 'देश' कुणाला ऐकूच येत नाही, फक्त 'पांडे' ऐकू येतं. "अरे, आप तो हमारी ही तरफ की निकलीं!" असं म्हणत मला सगळ्यांनी पांडेजी करून टाकलं. बोलताना अडलं की मी एक युक्ती करायचे: संस्कृत शब्द वापरायचा. संस्कृत शब्द काय, मराठीतही तोच आणि हिंदीतही तोच, असा माझा भाबडा समज. लिंगं चुकायची, पण शब्द कसे भारदस्त असायचे.

दरवर्षी आम्ही चौकात एक छोटी सभा घ्यायचो. ट्रस्ट कशाकशाला पैसे देतो ते सांगायला. त्या वर्षी मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "पारंपरिक गीतों के संशोधन के लिए भी हमारा ट्रस्ट अनुदान देता है." मला म्हणायचं होतं, ही गाणी गोळा करा, त्यांचा अभ्यास करा. सभेत शेवटच्या रांगेत सुषमा नावाची एक शिक्षिका बसली होती. तिचा चेहरा एकदम उजळला. मी मनात म्हटलं, वा, एक तरी श्रोता मिळाला.

महिन्याभरात तिच्या सासूबाईंच्या मंडळाचा अर्ज आला. सासूबाई म्हणजे रामदुलारी बुआ. अख्ख्या मोहल्ल्याची ही आत्या. काम: लग्नातल्या गारी गाणे.

गारी म्हणजे चक्क गाली, शिवी. अवधमध्ये वरात जेवायला बसली की वधूकडच्या बायका ढोलक घेऊन बसतात आणि व्याह्यांच्या नावानिशी शिव्या गातात. व्याही ढेरपोट्या, विहीण पळपुटी, वराचा मामा चोर. आणि वरपक्ष मिटक्या मारत ऐकतो. आपल्याकडे विहीणबाईंना चहा कोमट मिळाला तर लग्नघराला घाम फुटतो. इथे शिवी मिळाली नाही तर व्याही रुसून हात धुतात, कारण शिवी नाही म्हणजे नातं मानलं नाही. ज्याला शिवी मिळाली त्याने खूश होऊन गाणाऱ्यांना नेग द्यायचा, म्हणजे मानाचे पैसे.

बुआंची मात्र पंचाईत झाली होती. त्यांच्या नात्यातल्याच एका लग्नात नव्या वळणाची वरपार्टी गारी ऐकून भडकली आणि जेवणावरून उठली. कुणीतरी डीजे लावून प्रकरण दडपलं. तेव्हापासून बुआंना बोलावणं येईना. सोबतच्या दोघी-तिघी म्हाताऱ्या झालेल्या, मोहल्ल्यातल्या मुलींच्या आया मुलींना पाठवायला तयार नाहीत. "एखाद्या संस्थेने मानलं तर आया मुली पाठवतील, नाहीतर अम्माजींसोबत ही गाणी संपतील," असं सुषमाने अर्जात लिहिलं होतं. ते वाचून मला फार वाटलं. हे अनुदान मिळायलाच हवं, असं मी ठरवून टाकलं.

अडचण होती ती ब्रिगेडियर माथुर यांची. ते आमच्या समितीचे प्रमुख. निवृत्तीनंतरही छावणीच्या बाजूलाच राहणारे, मिशांना पीळ, ठुमरीचे दर्दी. अर्ज वाचून त्यांची एक भुवई वर गेली. "मैडम, ट्रस्ट का पैसा गालियों पर?"

मी म्हटलं, "सर, एक बार सुन तो लीजिए."

आम्ही गेलो. चौकाच्या मागची गल्ली इतकी अरुंद, की गाडी लांब ठेवून चालत जावं लागलं. छोटंसं अंगण, त्यात सतरंजी. बुआ मधोमध बसलेल्या, पांढरी साडी, नाकात लवंगेएवढी चमकी, आणि चेहऱ्यावर असा ताठा की ब्रिगेडियरांनी नकळत पाठ सरळ केली. बाजूला दोन म्हाताऱ्या, ढोलक, काही मुली. सुषमा लगबगीने पाणी देत होती. ढोलक सुरू झालं, काय ठेका होता! मी ब्रिगेडियरांकडे विजयी नजरेने पाहिलं. आणि बुआंनी तोंड उघडलं:

"आओ श्रीमान समधी जी, कृपया आसन लीजै,
शुद्ध सात्त्विक भोजन है, कृपया ग्रहण कीजै…"

मी रेल्वेवाल्याची बायको. फलाटावरच्या सूचना मी जन्मभर ऐकल्या आहेत. हुबेहूब तेच. ढोलक बिचारं नाचायला निघालेलं आणि शब्द त्याच्या पाठीवर बसून 'कृपया ध्यान दें' म्हणत होते. दुसऱ्या गाण्यात विहीणबाई 'सुशील' निघाल्या, तिसऱ्यात वराचे मामा 'विद्वान'. म्हाताऱ्या शब्द विसरत होत्या, मुली जांभया देत होत्या. बुआ समोरच्या भिंतीकडे पाहत गात होत्या.

ब्रिगेडियर माझ्याकडे झुकले. "मैडम, इसमें तो एक भी गाली नहीं है." आवाजात चक्क तक्रार होती.

मी विचारलं, "बुआ, वो असली गारी सुनाइए न. मूँछ वाली, तोंद वाली."

बुआंनी ढोलकावर हात ठेवून ते थांबवलं. "असली? आपै तौ सभा मा कहे रहौ कि संशोधन होई, तबै पइसा मिली. तौ होय गवा संशोधन."

"जी मैडम," सुषमा अभिमानाने म्हणाली, "एक-एक शब्द मैंने खुद शुद्ध किया है. मैं तो बरसों से अम्माजी से कह रही थी. आपने कहा, तब जाकर मानीं."

माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला. हिंदीत 'संशोधन' म्हणजे दुरुस्ती. चुका काढून शुद्ध करणं. मला जे म्हणायचं होतं त्याला इथे साधं 'शोध' म्हणतात, आणि शोध म्हणजे आपल्याकडे हरवलेली किल्ली शोधतात तो! माझ्या भारदस्त शब्दाने बुआंच्या गाण्यांची पार हजामत करून टाकली होती.

मी अडखळत सगळा घोटाळा सांगितला. ब्रिगेडियर आधी गंभीरपणे ऐकत होते, मग त्यांच्या मिशा थरथरायला लागल्या, आणि मग ते इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. मुली हसल्या, म्हाताऱ्या हसल्या. मीही हसणार होते, तेवढ्यात बुआंकडे लक्ष गेलं.

"तौ हमरी गारी मा खोट नाहीं रही?" त्यांनी हळू विचारलं.

"नहीं बुआ. बिल्कुल नहीं. गलती मेरी बोली में थी."

"हमरी अम्मा की गारी रही," बुआ म्हणाल्या. "एक-एक बोल हम अपने मुँह से काटेन." आणि त्या ताठ बाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुषमा हातात तांब्या घेऊन तशीच उभी राहिली. सासू आपलं ऐकते याचा तिला महिनाभर आनंद झाला होता, आणि सासू त्या महिनाभर काय करत होती ते तिला तेव्हा कळत होतं.

मी म्हटलं, "बुआ, अब गाइए. जैसी थी वैसी."

"केहका गाई?" बुआंनी पदराने डोळे पुसले आणि ताठा परत आला. "गारी कौनो तमासा है? गारी समधी का दीन जात है. नाता चाही. कमेटी का गारी नाहीं दीन जात. रहै देव, अब हमका पइसा न चाही."

संपलं, असं मला वाटलं. त्यांचं म्हणणं खरं होतं. नातं नसताना दिलेली शिवी ही नुसतीच शिवी. अनुदानाचे सगळे नियम मला पाठ होते, पण व्याही कुठून पैदा करायचा ते त्यात नव्हतं. ब्रिगेडियरसुद्धा ओशाळून म्हणाले, "बहनजी, मेरे तो दोनों लड़कों की शादी हो चुकी है."

सुषमाने तांब्या खाली ठेवला, आत गेली आणि एक कापडाची बाहुली घेऊन आली. तिच्या मुलीची असावी. चिकनकारीच्या कापडाच्या कातरणीची ओढणी, एक डोळा सुटलेला. ती बाहुली तिने सासूच्या मांडीवर ठेवली.

"अम्माजी," ती म्हणाली, "गुड़िया तो अभी बिन ब्याही है."

बुआंनी बाहुलीकडे पाहिलं. मग सुनेकडे. मग ब्रिगेडियरांच्या मिशांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

ब्रिगेडियर उठून उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "तो इतवार को बारात आएगी. छावनी से."

माझ्या नोकरीत मी पुष्कळ उद्घाटनं, महोत्सव, दीपप्रज्वलनं पाहिली. त्या रविवारसारखं काही पाहिलं नाही. ब्रिगेडियर शेरवानी घालून आले, सोबत त्यांचे दोन निवृत्त मित्र, आणि पुढे बॅगपाइप वाजवणारा एक जुना फौजी. त्या गल्लीत बॅगपाइप घुमला तेव्हा खिडक्यांतून माणसं लोंबकळायला लागली. नवरदेव म्हणजे लाकडी शिपाई, ब्रिगेडियरांच्या नातवाकडून मोठ्या वाटाघाटी करून मागून आणलेला. मोहल्ल्यातल्या ज्या आया मुलींना पाठवत नव्हत्या त्या स्वतःच पुऱ्या तळत होत्या. आमचे हे सुट्टी म्हणून आले होते. "तुमचा ट्रस्ट आता लग्नंही लावतो का?" असं विचारून त्यांनी पहिल्या पंगतीत जागा धरली.

पाहुण्यांनी पहिला घास घेतला आणि बुआंनी सुरुवात केली. ब्रिगेडियरांच्या मिशीत चिमण्यांनी घरटं केलं. त्यांची पलटण लढाईला निघाली आणि कचोरीच्या दुकानावर शरण गेली. मित्रांपैकी एकाचं टक्कल परातीच्या जागी वापरून झालं. ज्या बुआ आठ दिवसांपूर्वी भिंतीकडे पाहून गात होत्या त्या आता एकेकाकडे बोट दाखवून, हात नाचवून गात होत्या, आवाज गल्लीबाहेर जात होता. मी व्याह्यांसोबत आले होते, म्हणजे वरातीतलीच. मला सोडतात होय! पांडेची बायको ती इथे पंड़ाइन:

"देस छाँड़ि पंड़ाइन आईं, बड़ी सयानी आईं,
अपनी भाखा सुधरै नाहीं, हमरी सुधारै आईं!"

स्वतःची भाषा सुधरेना आणि आली आमची सुधारायला! अंगण हसून कोसळलं. मी तोंडाला पदर लावून हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सांगली सोडल्यापासून इतक्या वर्षांत या शहराने मला खूप अदब दाखवली होती, 'आप' म्हटलं होतं, 'तशरीफ़ रखिए' म्हटलं होतं. पण शिवी दिली नव्हती. त्या दिवशी मी इथली झाले.

ब्रिगेडियरांनी खिशातून नोटा काढून ढोलकावर ओवाळल्या. माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "सर, रसीद…?" बुआ कडाडल्या, "नेग की रसीद? पंड़ाइन, तुम्हरे हियाँ बियाह होत है कि नीलामी?"

समितीच्या बैठकीत माझं टिपण वाचायची वेळच आली नाही. ब्रिगेडियर म्हणाले, "रिटायरमेंट के बाद पहली बार किसी ने मुझे इतने मन से गाली दी है. मंज़ूर." अनुदान पास झालं. 'संशोधन' हा शब्द मी ट्रस्टच्या सगळ्या हिंदी कागदांतून काढून टाकला. हे मात्र खरं संशोधन.

त्यानंतर बुआंच्या अंगणात मुली यायला लागल्या. पावत्यांवरून आमची भांडणं चालूच राहिली. मुलींना वाटायला आणलेल्या बताशांची पावती मी मागायची आणि बुआंनी बताशेवाल्यालाच माझ्यासमोर उभं करायचं. सगळंच काही तरलं नाही. बुआंच्या दोन सोबतिणी गेल्या आणि त्यांना येणारी बरीच गाणी त्यांच्याबरोबर गेली. आपण आणखी आधी पोचायला हवं होतं, ही रुखरुख मला आहे. पण आता लग्नसराईत त्या मोहल्ल्यातून गारीचं बोलावणं येतं, आणि सक्सेना भाभींचा भाचा डीजे मध्येच बंद करून गाणाऱ्या मुलींना माइक देतो. त्याचे पैसे तो वेगळे घेतो, हा भाग निराळा.

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. ट्रस्टच्या हॉलमध्ये निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, भाषणं. मी 'कर्तव्यनिष्ठ' होते, 'मृदुभाषी' होते, आणखी काय काय होते. ऐकता ऐकता मला स्वतःच्याच श्रद्धांजलीला बसल्यासारखं व्हायला लागलं. शेवटी सुषमा मुलींना घेऊन गायला उभी राहिली. बुआंचा आवाज आता बसला आहे, त्यामुळे पुढे सुषमा गाते. तिने माझ्यासाठी खास गाणं रचलं होतं:

"देस छाँड़ि पंड़ाइन आईं, सबका मान बढ़ाइन…"

पहिल्या रांगेतून काठी आपटल्याचा आवाज आला. बुआ.

"दुलहिन," त्या सुनेला घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "ई तौ भजन होय गवा. संशोधन करौ."

हॉलमध्ये हशा उसळला. सुषमाने माझ्याकडे पाहिलं, मग पहिल्या रांगेत बसलेल्या आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं, साडीचा पदर खोचला आणि ती शाळेत एकही वाईट शब्द न चालवणारी बाई ढोलकाच्या वर आवाज चढवून गायला लागली:

"पइसा बाँटत-बाँटत देखौ पंड़ाइन भईं खाली,
घर मा पांड़े बेलन खावैं, बाहर हमरी गाली!"

बेलन म्हणजे लाटणं, आणि ते खाणारे आमचे हेच सगळ्यात जोरात हसले. मी उठले, रडत-हसत बुआंपाशी गेले. इतकी वर्षं दुसऱ्यांचे पैसे तिसऱ्यांना दिले होते. त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःची पर्स उघडली आणि त्यांच्या पदरात नेग घातला. बुआंनी नोटा पदराच्या टोकाला गाठ मारून बांधल्या आणि मान वर करून विचारलं, "पंड़ाइन, रसीद चाही?"

"नाहीं बुआ," मी म्हटलं. "न चाही."